रेलटोली : एका नावाचा इतिहास

गोंदियाचा इतिहास सांगताना आपण सहसा भातगिरण्या आणि विडीचे कारखाने यांपासून सुरुवात करतो. परंतु या दोहोंना दूरची बाजारपेठ मिळवून दिली ती रेल्वेने. आणि तिची खूण शहरातील एका वस्तीच्या नावातच उरली आहे.

झाडीपट्टीत टोली म्हणजे मूळ गावापासून जरा अलग वसलेली वस्ती. तिचे नाव बहुधा जातीवरून वा व्यवसायावरून पडते. एस.टी.चे बसस्थानक असलेली मरारटोली भाजीपाला पिकवणाऱ्या मरार समाजाची आठवण देते. रुळांपलीकडच्या वस्तीला मात्र जातीऐवजी रेल्वेचे नाव मिळाले. जुन्या ग्रामरचनेत एक नवा व्यवसाय सामावला गेल्याची ही नोंद होय.

1880 च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर मापाचा मार्ग येथून गेला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला. पुढे 1903 ते 1905 या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत 'छोटी लाइन' झाली, आणि 1908 मध्ये नागभीडची. मोठ्या मार्गाचे माप 1676 मिलिमीटर, छोट्याचे 762. दोन मापे जेथे भेटतात तेथे डबा पुढे जात नाही. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो, प्रवाशालाही थांबावे लागते. गोंदियाचे जंक्शन म्हणून जे महत्त्व वाढले, त्यात या अडचणीचा वाटा मोठा आहे. हमाल, टांगेवाले, खानावळी आणि धर्मशाळा यांना अशा खोळंब्यानेच काम मिळते.

नागभीड मार्ग 1990 च्या दशकात रुंद झाला, बालाघाटपर्यंतचा 2005-06 च्या सुमारास. 2015 मध्ये जबलपूरकडील छोटी गाडी थांबली आणि 2021 पर्यंत तो संपूर्ण मार्ग मोठ्या मापाचा झाला. आता गाड्या सलग धावतात. ही सोय निर्विवाद आहे; छोट्या गाडीविषयी हळवे होण्यात अर्थ नाही.

मात्र रेल्वेचा इतिहास कंपन्या, मापे आणि सन यांवरच संपतो, हे खटकते. एका मापातून दुसऱ्या मापात माल नेणाऱ्या खांद्यांची नावे कोणत्याही वेळापत्रकात आली नाहीत. ज्येष्ठांच्या स्मरणात ती अजून असतील. रेलटोलीचा इतिहास लिहावयाचा तर प्रारंभ त्या घरांपासून करावा लागेल, आणि तो लवकर करावा लागेल.