पणतू पोचतील

अंतराळात लांब जायचं तर रॉकेट लागतं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पणतू लागतो, हे मात्र मला विज्ञानकादंबऱ्यांचा नाद लागल्यावर कळलं. हा नाद मराठीत १९७४ नंतर चांगलाच पसरला. त्या साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने गोष्ट धाडली आणि बक्षीस पटकावलं.

तर पणतूचा हिशोब असा. सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर पळतं. त्या वेगाने तेवढं अंतर तोडायला सुमारे ७५,००० वर्षं! म्हणून तोडगा निघाला : जहाजातच संसार थाटावा, पोरंबाळं व्हावीत, म्हाताऱ्यांनी मरावं, आणि पोचायचं ते कुणाच्या तरी खापरपणतूने. रशियाच्या त्सिओल्कोव्हस्कीने १९२८ साली ही कल्पना मांडली, पुढच्याच वर्षी बर्नालने. दोघेही विज्ञानातले, यंत्रांची काळजी त्यांनी वाहिली.

माणसांची काळजी कथाकारांनी वाहिली. डॉन विल्कॉक्सच्या १९४०च्या कथेत जहाज सहाशे वर्षांनी मुक्कामाला लागतं, तर मागाहून निघालेली जलद मंडळी तिथे आधीच गाव वसवून बसलेली! पॅसेंजरने निघालेल्या नागपूरकराला हे दुःख समजावून सांगायला नको. १९४१ साली हाइनलाइनने तर कमाल केली. त्याच्या जहाजातले लोक आपण जहाजात आहोत हेच विसरतात. जहाज म्हणजेच विश्व. जुन्या पुस्तकातला गुरुत्वाकर्षणाचा नियम त्यांना सापडतो, आणि त्यांचे पंडित सांगतात, हे प्रेमाचं रूपक आहे. आपल्याकडच्या काही टीकाकारांची ही पद्धत जुनीच आहे.

मला यात नवल वाटत नाही. आमचं घराणं रघूजी भोसल्यांच्या फौजेमागून साताऱ्याकडून नागपुरात आलं, असं घरात सांगतात. कशाला आलं, हे कुणी सांगत नाही. कुलदैवत तिकडेच राहिलं आणि जिभेवर 'काय करून राह्यला' आलं. आईला ते कुलदैवत उभ्या जन्मात दिसलं नाही. दर नवरात्रात नारळ मात्र त्याच्याच नावाचा.

त्या मानाने तंजावरकर हुशार. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे तिथे गादीवर बसले, आणि १८०३ साली सरफोजीराजांनी भोसल्यांचा अख्खा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. जहाजाची रोजनिशी असावी तर अशी, पुसायची सोय नाही! राज्य १८५५ साली गेलं, पण तिथल्या काही घरांत वेगळ्याच वळणाची मराठी अजून बोलतात.

माझा जीव अडकतो तो मधल्या पिढ्यांत. पहिल्यांनी निघायचं ठरवलं, शेवटचे उतरणार; मधल्यांनी नुसतं जहाज झाडायचं. त्यांना कुणी विचारलं होतं? आमचे वडील तीस वर्षं खर्डेघाशी करत 'मुलांसाठी, मुलांसाठी' म्हणत राहिले. नवी सायकल घ्यायचंही पुढच्या पिढीवर ढकललं. किम स्टॅनली रॉबिन्सनच्या २०१५च्या 'ऑरोरा' कादंबरीत काही प्रवासी, ही जागा आपल्याला मानवत नाही असं दिसल्यावर, सरळ जहाज फिरवून पृथ्वीकडे निघतात. वाचून मी मोठ्याने 'शाबास' म्हणालो. बायको म्हणाली, ''हळू. मुलाचा फोन यायची वेळ झाली.''

मुलगा बावीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला. का, तर 'मुलांसाठी'. आलेल्या फोनवर नात होती. तिला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता.

''आजोबा, आपण मूळचे कुठले?''

''साताऱ्याकडचे,'' मी म्हणालो.

पलीकडून तिचा बाप ओरडला, ''काही काय सांगून राहिले बाबा! नागपूरचे!''