वादळ अडवता येते काय?

साकीनाक्याच्या आमच्या कामगारवस्तीत दर मे महिन्याच्या अखेरीस एक प्रश्न निघतो. माणूस चंद्रावर जाऊन आला. मग वादळ त्याला का अडवता येऊ नये? प्रश्न भाबडा नाही. ज्याच्या डोक्यावर नुसता पत्रा आहे, त्याला तो पडणारच. त्याचे उत्तर आपण इतिहासात शोधू.

प्रथम एक खोटा इतिहास बाजूला सारू. जून 1882 मध्ये मुंबईवर चक्रीवादळ येऊन लाखभर माणसे दगावली, असे कित्येक ठिकाणी छापलेले आढळते. वस्तुतः 1881 च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. आठांतला एक माणूस मेला असता, तर त्या वेळची वर्तमानपत्रे आणि कुलाब्याची वेधशाळा गप्प राहिली असती काय? अभ्यासकांनी शोध घेतला, पण अशा संहाराची समकालीन नोंद मिळाली नाही. म्हणून निर्धास्त होणेही बरे नव्हे. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईला चक्रीवादळाने खरोखरच झोडपले. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि मुंबई थोडक्यात वाचली.

आता अडवण्याचे प्रयत्न पाहू. 1947 साली अमेरिकनांनी एका वादळात विमानातून कोरडा बर्फ टाकला. ते वादळ वळून सव्हाना शहरावर गेले आणि लोकांनी शास्त्रज्ञांनाच दोष दिला. पुढे कळले की ते आधीच वळू लागले होते. 1962 ते 1983 अशी एकवीस वर्षे 'स्टॉर्मफ्युरी' नावाची सरकारी योजना चालली. ढगांत सिल्व्हर आयोडाईड फवारून वादळाचा जोर मोडावा, ही कल्पना होती. परंतु ज्या अतिथंड पाण्यावर सारी भिस्त, ते अशा वादळात फारच थोडे असते, असे आढळले. शिवाय वादळे आपणहूनही मंदावतात. तेव्हा श्रेय कोणाला द्यावे हेच कळेना. योजना गुंडाळली गेली. टॉर्नेडो तर काही मिनिटांत उठतो आणि विरतो. मार्च 1978 मध्ये दिल्लीत असा एक उठला होता. त्यालाही अडवण्याचा उपाय अद्याप नाही.

मग माणूस हतबल आहे काय? मुळीच नाही. ओरिसात 1999 च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याच किनाऱ्यावर 2013 साली 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते; मृत्यू शंभरापेक्षा कमी झाले. वादळ कोणी अडवले नाही, मरण अडवले.

परंतु इशारा मिळणे वेगळे आणि तो पाळता येणे वेगळे. 17 मे 2021 रोजी 'तौक्ते' वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा तराफा बुडाला. त्यावर 261 माणसे होती. सत्तरांच्या वर गेली. वादळाचा इशारा काही दिवस आधीच प्रसिद्ध झाला होता. 13 मे 2024 रोजी शेजारच्या घाटकोपरला वाऱ्याने पेट्रोल पंपावर जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळला आणि 17 माणसे गेली. वारा निसर्गाचा, फलक माणसाचा! आणि 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या साकीनाक्यातच दरड घरांवर येऊन पन्नासांहून अधिक जीव गेले. डोंगराच्या पायथ्याशी कोणी हौसेने राहत नाही. परवडते तेथेच गरीब राहतो.

तेव्हा तयारी दोन प्रकारची. घरची तयारी आपल्या हाती आहे: पत्रे तारेने आवळून बांधावेत, त्यांवर सुटे दगड ठेवू नयेत, शिधापत्रिका, औषधे व पिण्याचे पाणी एका पिशवीत तयार असावे, विजेचे मुख्य बटण बंद करावे, फलक, झाडे व कच्च्या भिंती यांपासून दूर राहावे. कोणत्या खोलीत म्हातारे माणूस एकटे आहे, हे चाळीला ठाऊक असावे.

दुसरी तयारी एकट्याच्या आवाक्यातली नाही. इशारा असेल त्या दिवशी परांचीवरचे, क्रेनवरचे आणि समुद्रातले काम थांबलेच पाहिजे आणि त्या दिवसाचा रोज बुडता कामा नये. पोट हातावर असलेल्या माणसाला 'घरी थांबा' एवढेच सांगणे म्हणजे उपदेश. रोज देऊन थांबवणे म्हणजे बंदोबस्त. हे मागितल्यावाचून मिळणार नाही, आणि एकजुटीने मागितल्यावाचून तर नाहीच.