थंडी स्वस्त, शाश्वती महाग

माणूस मेल्यावर त्याचा देह उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचा आणि भविष्यातले वैद्यक त्याला पुन्हा उठवील म्हणून वाट पाहायची, या खटाटोपाला क्रायोनिक्स म्हणतात. आपल्याकडे त्याची बातमी येते ती परदेशातल्या धनवंतांची हौस म्हणून. त्यामुळे ‘अपंगांना परवडणारे क्रायोनिक्स’ हा विषय मी काढला, की भवानी पेठेतले माझे मित्र हसतात. उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जाणारे आमचे सोलापूर, त्यात यंत्रमागांचा खडखडाट, आणि तिथे बसून हा गोठवण्याच्या गोष्टी करतो! आधी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांना उतार होऊ दे, मग बाकीचे बघू, असेही कोणी म्हणतो. ते म्हणणे खोटे नाही. पण या विषयाचा इतिहास वाचत गेलो, तशी मला त्यात एक विसंगती दिसू लागली. ही कल्पना जन्माला आली ती जायबंदी, आजारी शरीरांच्या पोटी. तिची दारे मात्र धडधाकट माणसाच्या मापाने बांधली गेली. हे कसे झाले, ते इथे मांडायचे आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. १९४४ च्या अखेरीस जर्मनीतल्या लढाईत रॉबर्ट एटिंजर या तरुण अमेरिकन सैनिकाचे दोन्ही पाय उखळी तोफेच्या माऱ्यात जबर जखमी झाले. पुढची काही वर्षे त्याने मिशिगनमधल्या लष्करी रुग्णालयात काढली. अस्थिरोपणाच्या शस्त्रक्रियांमुळे त्याचे पाय वाचले. काल ज्या जखमेला कापण्यावाचून इलाज नव्हता, तिला आज इलाज आहे, हे त्याने स्वतःच्या हाडांवर अनुभवले. मग आज ज्याला आपण मृत्यू म्हणतो, त्यालाही उद्या इलाज का असू नये? त्याच सुमारास, १९४६ मध्ये, फ्रान्समध्ये जाँ रोस्तां या जीवशास्त्रज्ञाने बेडकाचे शुक्राणू ग्लिसरीनच्या साहाय्याने थंडीत टिकवून दाखवले होते. या दोन गोष्टींची सांगड घालून, पुढे भौतिकशास्त्राचा शिक्षक झालेल्या एटिंजरने १९६२ मध्ये स्वखर्चाने एक पुस्तक काढले. १९६४ मध्ये ते मोठ्या प्रकाशकाकडून आले आणि क्रायोनिक्सची चळवळ सुरू झाली.

त्याच १९४४ साली, त्याच युद्धात हातपाय गमावलेल्या भारतीय जवानांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पुढे नागरिकांनाही तिथे पाय मिळू लागले. एकाच युद्धातल्या जखमांमधून निघालेल्या या दोन वाटा मला शेजारी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. पुण्याच्या वाटेवर सरकार होते, कार्यशाळा होती, पायाचे माप घेणारा कारागीर होता. एटिंजरच्या वाटेवर फक्त एकेकटा माणूस आणि त्याचा खिसा होता.

ॲरिझोनातली अल्कोर ही आज या क्षेत्रातली प्रसिद्ध संस्था. तिची स्थापना १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड आणि लिंडा चेंबरलेन या दांपत्याने केली. कारण घरातलेच होते. फ्रेडचे वडील पक्षाघाताच्या झटक्यांनी विकल झाले होते आणि मुलाला त्यांची सोय करून ठेवायची होती. १९७६ मध्ये ते वारले, तेव्हा तेच अल्कोरचे पहिले ‘रुग्ण’ ठरले. मृतदेहाला ही मंडळी रुग्णच म्हणतात. म्हणजे आज ज्या संस्थेचा खर्च ऐकून आपण डोळे विस्फारतो, तिची पहिली वीट एका पक्षाघात झालेल्या वृद्धासाठी ठेवलेली होती.

मग दारे अरुंद कशी झाली? याचे उत्तर एका तळघरात सापडते. १९६७ च्या जानेवारीत जेम्स बेडफर्ड या प्राध्यापकाचा देह गोठवला गेला; तो आजही जतन आहे. त्यानंतर लॉस एंजेलिसजवळच्या चॅट्सवर्थ इथल्या दफनभूमीत, एका तळघरात आणखी काही देह ठेवण्यात आले. व्यवस्था पाहणारा रॉबर्ट नेल्सन हा मूळचा टीव्ही दुरुस्त करणारा गृहस्थ. नातेवाइकांनी हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे आणि त्यातून नायट्रोजन भरत राहायचा, असा हिशेब होता. काही वर्षांत नातेवाईक थकले, हप्ते थांबले, नायट्रोजन उडून गेला. नऊ देह वितळून नासले. त्यांत लहान मुलांचेही होते. १९७९ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले आणि पुढे न्यायालयात गेले.

या धक्क्यातून चळवळ एक धडा शिकली. नातेवाइकांच्या भरवशावर देह घ्यायचा नाही. सगळी रक्कम आधी हाती हवी. सर्वसामान्य माणसाकडे एवढी रक्कम नसते, म्हणून तिने आयुर्विम्याचा मार्ग काढला. तरुणपणी पॉलिसी घ्यायची, थोडा थोडा हप्ता भरायचा आणि मृत्यूनंतरची रक्कम संस्थेच्या नावे करायची. एटिंजरने १९७६ मध्ये मिशिगनमध्ये काढलेल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा दर त्यातल्या त्यात कमी म्हणजे सुमारे २८ हजार डॉलर, आपले २४ लाखांच्या घरात. देह तिथवर नेण्याचा खर्च वेगळा. अल्कोरमध्ये संपूर्ण देहासाठी दोन लाख डॉलरहून अधिक लागतात. तिशीतल्या निरोगी अमेरिकन माणसाला विम्याच्या हप्त्यात हे बसवता येते. धडा योग्यच होता. पण त्या दिवसापासून क्रायोनिक्सच्या दाराशी विमा कंपनीचा डॉक्टर येऊन बसला.

त्या डॉक्टरसमोर सगळे सारखे नसतात. माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी पोलिओ झाला. ताईने आयुष्यभर शिलाईकाम केले, घर चालवले, कर्ज फेडले. पण विम्याच्या अर्जात शारीरिक व्यंगाच्या रकान्यापाशी प्रतिनिधीचे पेन थबकायचे. कधी जादा हप्ता सांगितला जायचा, कधी ‘कळवतो’ म्हणून तो निघून जायचा. पोलिओने आयुष्य किती कमी होते, हे ताईने एकदा विचारले होते. त्याला उत्तर देता आले नाही.

अमेरिकेतही अनुभव वेगळा नाही. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या काळातला नामवंत संगणकतज्ज्ञ हॅल फिनी याला २००९ मध्ये एएलएस हा स्नायू निकामी करत नेणारा आजार झाल्याचे कळले. २०१४ मध्ये तो वारला आणि अल्कोरमध्ये ठेवला गेला, कारण आजाराच्या कितीतरी वर्षे आधी, धडधाकट असताना, त्याने सदस्यत्व घेतले होते. किम सुओझी या तरुण विद्यार्थिनीला मेंदूच्या कर्करोगाने गाठले, तेव्हा मात्र विम्याची वेळ टळून गेली होती. २०१३ मध्ये तिचे जतन झाले ते लोकवर्गणीतून. जन्मतः किंवा बालपणीच अपंगत्व आलेल्या माणसाला तर ‘आजाराआधी’ हा काळच नसतो.

दुसरे दार सहीचे. संस्थेशी करार करायचा तर माणूस करार करण्यास पात्र हवा. २०१६ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे एका चौदा वर्षांच्या मुलीचा अर्ज आला. कर्करोगाने ती मरणपंथाला लागली होती आणि तिला गोठवून घ्यायचे होते. वयामुळे तिला मृत्युपत्र करता येत नव्हते, आईवडिलांत एकमत नव्हते. न्यायालयाने क्रायोनिक्स खरे की खोटे यात न शिरता, देहाचा निर्णय आईच्या हाती दिला. त्याआधी, १९९२ मध्ये, मेंदूत गाठ असलेला गणितज्ञ थॉमस डोनाल्डसन कॅलिफोर्नियात हरला होता. मेंदू पुरता नष्ट होण्याआधी, जिवंतपणीच आपल्याला गोठवू द्यावे, ही त्याची मागणी अपील न्यायालयाने फेटाळली. ज्यांची स्मृती हळूहळू पुसली जाते, त्यांच्यापुढचा पेच यात आधीच दिसतो. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा करार करणाऱ्याकडून मनाच्या शाबूतपणाची अपेक्षा ठेवतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अपंग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य करतो. या दोन कायद्यांच्या मध्ये बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस बँकेतल्या खात्यापासूनच अडतो.

तिसरे दार वेळेचे. हृदय थांबल्यावर काही मिनिटांतच मेंदूची हानी सुरू होते. म्हणून या कामासाठी लागणारी माणसे उशापाशी हजर असावी लागतात. देह साठवणाऱ्या संस्था अमेरिका, रशिया, चीन, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रेलिया अशा मोजक्या देशांत आहेत. भारत त्यांत नाही. सोलापूरच्या एखाद्या विडी कामगार बाईचा विचार केला, तर पैशाच्या आधी अंतरच तिला बाद करते.

एक गोष्ट मात्र नीट पाहिली पाहिजे. यातली थंडी स्वतः महाग नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात गाय माजावर आली, की मोटारसायकलला डबा अडकवून पशुवैद्यक सेवक येतो आणि ‘कांडी भरतो’. ती वीर्यकांडी त्याच उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. बेडफर्डचा देह गोठवला गेला त्याच १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफ ही संस्था काढली. गोठित वीर्याचे शास्त्र तिने गरीब शेतकऱ्याच्या दारात नेले. नायट्रोजनचे ते डबे नाशिकला बनू लागले. प्रयोगशाळा, नायट्रोजनची वाहतूक, प्रशिक्षित माणूस आणि सरकारी साहाय्य अशी साखळी उभी राहिली, म्हणून दोन गायींच्या मालकाला हे परवडले. त्याला कोणी विम्याची वैद्यकीय तपासणी विचारली नाही. महाग असते ती शाश्वती: डबा रिकामा होण्याआधी कोणीतरी तो भरेल ही. चॅट्सवर्थला नेमकी तीच नव्हती.

आता शास्त्राचे. गोठवलेला एकही माणूस आजवर उठलेला नाही. सशाचे मूत्रपिंड काचेसारखे घट्ट करून, पुन्हा सशात बसवून चालवल्याचा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये उंदरांच्या मूत्रपिंडांवर तसेच यश मिळाले. मूत्रपिंडापासून माणसाच्या मेंदूपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. म्हणून ताईसारख्या कोणी यावर आयुष्याची पुंजी लावावी, असे मी म्हणणार नाही.

शिवाय एटिंजरच्या आशेत एक गृहीत लपले होते: जागा होणारा माणूस ‘दुरुस्त’ होऊनच जागा होईल. १९७६ मध्ये, म्हणजे चेंबरलेनच्या वडिलांना गोठवले त्याच वर्षी, लंडनमध्ये पॉल हंट, व्हिक फिंकेलस्टाइन या अपंग कार्यकर्त्यांच्या संघटनेने वेगळा विचार मांडला. शरीरातली उणीव एक आणि समाज त्या शरीराला बाहेर ठेवतो ते अपंगत्व दुसरे. पहिले बरे होईल तेव्हा होईल; दुसरे मात्र माणसांनी केलेले आहे आणि ते माणसांनाच मोडता येते. विम्याचा रकाना, करारातली सही, दूरचे केंद्र ही तिन्ही दारे या दुसऱ्या प्रकारची आहेत.

ती मोडायला भविष्याची गरज नाही. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, पंचविसाव्या कलमात, आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांत अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई आहे. आरोग्य विम्याबाबत २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तेच बजावले आणि २०२३ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना दिव्यांगांसाठी योजना आणायला सांगितले. क्रायोनिक्स उद्या खोटे ठरले, तरी त्याच्या दाराशी उभे राहून विचारलेला प्रश्न वाया जात नाही. कोणाचे आयुष्य राखून ठेवण्याजोगे, हे ठरवणारा रकाना तोच आहे. तो डायलिसिसच्या रांगेत आहे, कर्जाच्या अर्जात आहे, आणि शिलाई मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईच्या पॉलिसीतही आहे. ज्या महाराष्ट्राने उणे १९६ अंश गायीच्या गोठ्यापर्यंत पोहोचवले, त्याला हा एक रकाना खोडणे अवघड जाऊ नये.