ऑनलाइन निसर्गोपचार : पहिल्या भेटीपूर्वीची तयारी

प्रतिनिधी
छत्रपती संभाजीनगर

महाराष्ट्रात निसर्गोपचाराची प्रमुख केंद्रे पुणे परिसरात आहेत. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तर १९८६ मध्ये पुण्याच्या बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था स्थापन झाली. छत्रपती संभाजीनगरहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एवढा प्रवास करण्यापूर्वी घरबसल्या व्हिडिओद्वारे सल्ला घ्यावा, असा विचार अनेक रुग्ण करतात. मात्र पडद्यापलीकडील डॉक्टरला रुग्णाची नाडी पाहता येत नाही की पोट तपासता येत नाही. रुग्ण जे सांगेल आणि दाखवेल, त्यावरच सारा सल्ला उभा राहतो. म्हणून भेटीची तयारी चार-पाच दिवस आधीच सुरू करणे इष्ट.

समोर कोण आहे?

वेळ ठरविण्यापूर्वी डॉक्टरची पदवी विचारावी. 'बीएनवायएस' हा निसर्गोपचार व योगविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. काही महिन्यांची पदविका घेऊन नावामागे 'डॉक्टर' लावणारेही या क्षेत्रात आढळतात. आयुर्वेद, युनानी आदी पद्धतींसाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग नेमला गेला. निसर्गोपचार त्याच्या कक्षेत आला नाही. त्यामुळे खातरजमा करण्याचा भार बराचसा रुग्णावरच पडतो. पदवी कोणत्या विद्यापीठाची, नोंदणी कोठे, हे विचारण्यात संकोच करू नये. डॉक्टरने नाव व पात्रता सांगावी, रुग्णाची ओळख व वय जाणून घ्यावे आणि गरज भासल्यास प्रत्यक्ष तपासणीस पाठवावे, ही दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सर्वमान्य रीत आहे. ती न पाळणाऱ्याकडून सल्ला न घेतलेला बरा.

गोळ्यांची यादी सर्वांत महत्त्वाची

निसर्गोपचारात औषधे दिली जात नाहीत. जल, माती, मर्दन, आहार आणि उपवास ही त्याची साधने. म्हणूनच 'सध्या कोणती औषधे चालू आहेत' या प्रश्नाला काही रुग्ण गुळमुळीत उत्तर देतात; गोळ्या घेतो म्हटले तर डॉक्टर नाराज होतील, असे त्यांना वाटते. हा संकोच जिवावर बेतू शकतो. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीने उपवास केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. घाम, थरथर, घबराट ही त्याची लक्षणे. पुढे शुद्धही हरपते. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांना फळांच्या व भाज्यांच्या रसांतील पोटॅशियम अपायकारक ठरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसारख्या औषधाचा परिणाम पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढल्याने घटतो.

तेव्हा सर्व गोळ्यांची पाकिटे एका ताटात काढून प्रत्येकीचे नाव, मात्रा आणि वेळ कागदावर उतरवावी. वैद्याचे चूर्ण, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हेही त्यात यावे. गर्भधारणा, फिट येण्याचा त्रास, पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांचा उल्लेख राहू देऊ नये. चालू औषध बंद करण्याचा सल्ला मिळाला, तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तो अमलात आणू नये. 'सगळ्या गोळ्या आजपासून बंद' असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्याबद्दल सावधच असावे.

दिनचर्येची नोंद

आहार व झोप हाच या उपचाराचा पाया असल्याने किमान तीन दिवसांची खरी नोंद ठेवावी. त्यात एक सुटीचा दिवस असावा, कारण नान-खलियाची मेजवानी बहुधा त्याच दिवशी होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर दिवसभरातले चहाही लिहावेत. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यातील जेवणाच्या वेळा स्वतंत्र द्याव्यात. सूर्योदयी उठण्याचा सल्ला त्यांच्या कामाचा नसतो.

रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी. सकाळ-संध्याकाळचे आकडे तारखेसह लिहावेत. घाटी रुग्णालयाचा केसपेपर असो वा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल, त्याचे स्पष्ट छायाचित्र आदल्या दिवशी पाठवावे. त्वचेचा विकार दिवसाच्या उजेडात टिपावा.

घरातील सोयींविषयीही मोकळेपणाने बोलावे. कटिस्नानासाठी टब व पाणी लागते. ज्या वसाहतीत नळाला रोज पाणी येत नाही, तेथील रुग्णाने हे आधीच सांगितले तर डॉक्टर ओल्या पट्टीसारखा पर्याय सुचवू शकतात. एनिमा, कुंजल यांसारख्या क्रिया पडद्यावर पाहून स्वतःहून करू नयेत. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असलेल्यांना कुंजल वर्ज्य मानतात. जलनेतीसाठी उकळून कोमट केलेलेच पाणी वापरावे.

छातीत दुखणे, धाप लागणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे, अशा वेळी ऑनलाइन भेटीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

भेट संपण्यापूर्वी सल्ला डॉक्टरच्या नावासह लेखी मागावा. उपवास सुचविला असल्यास तो किती दिवसांचा, त्या काळात काय घ्यायचे, कोणते लक्षण दिसताच सोडायचा आणि रात्री-अपरात्री कोणाला कळवायचे, एवढे त्या कागदावर आहे की नाही, हे संपर्क तोडण्याआधी वाचून पाहावे.