वळूची पारख : विशेषणाकडून अंकाकडे

गोमांसासाठी गुरे पाळणाऱ्याच्या व्यवहारात वळूची खरेदी हा सर्वांत दूरगामी परिणाम करणारा निर्णय होय. गाय वर्षाला एक वासरू देते. नैसर्गिक संयोगाने वळू एका हंगामात वीस-पंचवीस वासरांचा पिता होतो. घरच्याच कालवडी राखून वळू मात्र बाहेरून आणत गेल्यास लागोपाठच्या तीन वळूंचा तिसऱ्या पिढीच्या आनुवंशिक घडणीतील वाटा ७/८ इतका भरतो.

एवढ्या महत्त्वाच्या निर्णयाला दीर्घकाळ डोळा आणि वंशावळ हे दोनच आधार होते. १८१० साली इंग्लंडमधील केटन येथे चार्ल्स कॉलिंग यांचा ‘कॉमेट’ हा शॉर्टहॉर्न वळू १००० गिनींना विकला गेला. १८२२ मध्ये जॉर्ज कोट्स यांनी त्या जातीची वंशनोंदवही प्रसिद्ध केली. वळूचा बाप कोण, हे तीवरून कळू लागले. त्याची वासरे कशी वाढतील, हे मात्र कळत नव्हते. ही उणीव ‘भरीव’, ‘ठेंगणा’, ‘आटोपशीर’ अशा विशेषणांनी भरून काढली जाई.

या विशेषणांची किंमत अमेरिकेतील पशुपालकांना विसाव्या शतकाच्या मध्यास मोजावी लागली. १९३० नंतर तेथील प्रदर्शनांत आखूड पायांच्या, आटोपशीर बांध्याच्या वळूंना मान मिळू लागला. पुढे हेरफर्ड व अँगस या जातींच्या कळपांत फुगीर कपाळाची, घरघरत श्वास घेणारी खुजी वासरे जन्मास येऊ लागली. या दोषाचे मूळ एका अप्रभावी जनुकात होते. वळू व गाय दोघेही त्याचे वाहक असल्यास सरासरीने चारांतील एक वासरू खुजे निपजते. वाहक जनावर स्वतः निकोप दिसते. किंबहुना, पसंतीचा आटोपशीर बांधा वाहकांत अधिक आढळतो, असे तत्कालीन काही संशोधकांचे मत होते. म्हणजे ज्या गुणासाठी वळू निवडला जात होता, त्याच्याच आड दोष दडलेला असण्याचा संभव होता.

घराण्याच्या नावाला बट्टा लागेल या भीतीने अनेकांनी अशी वासरे लपविली. पुढे ‘निर्मळ वंशावळ’ हा शब्दप्रयोग बाजारात रूढ झाला आणि वाहक पूर्वजाच्या निर्दोष वंशजांचेही मोल घसरले. खात्रीचा उपाय वेगळाच होता. ज्ञात वाहक गायींपासून वळूला सोळा निकोप वासरे झाली आणि खुजे एकही झाले नाही, तर तो वाहक असण्याची शंका बव्हंशी मिटते. कारण वाहक वळूच्या बाबतीत असे घडण्याचा संभव अवघा १ टक्का असतो.

दरम्यान मोजमापाची परंपरा आकार घेत होती. माँटाना राज्यातील माइल्स सिटी येथील संशोधन केंद्रात १९३४ मध्ये हेरफर्ड गुरांचा ‘लाइन वन’ हा वंश सुरू झाला. १९४६ मध्ये नॅप व नॉर्डस्कॉग यांनी वाढीचा वेग लक्षणीय प्रमाणात आनुवंशिक असल्याचे दाखविले. १९६८ मध्ये ‘बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशन’ ही संस्था स्थापन होऊन नोंदींच्या पद्धतीत एकसूत्रता येऊ लागली. १९७१ मध्ये सिमेंटल जातीच्या वळूंचे राष्ट्रीय मूल्यमापन प्रसिद्ध झाले.

यातूनच ‘अपेक्षित संततिभेद’ ही संकल्पना रूढ झाली. दूध तोडतेवेळच्या वजनाबाबत एकाच जातीच्या दोन वळूंच्या अंकांत २० पौंडांचा फरक असल्यास, सारख्या गायी व सारखे पोषण असताना त्यांच्या वासरांच्या सरासरी वजनात तेवढाच फरक अपेक्षित असतो. अंक किती विश्वसनीय आहे, हेही सोबत नोंदलेले असते.

तथापि अंकही डोळे मिटून स्वीकारण्याजोगा नाही. केवळ वाढीच्या मागे लागल्यास जन्मवजनही वाढते आणि गायी विताना अडतात. म्हणून जन्मवजन व सुलभ प्रसूती यांचे अंक स्वतंत्रपणे पाहावे लागतात. पाय, खूर आणि प्रजननक्षमता यांची प्रत्यक्ष तपासणीही टळत नाही. आपल्या कळपात उणे काय आहे, हे प्रथम ठरविणाऱ्या खरेदीदारालाच अंकांचा खरा उपयोग होतो. तो विचार न झाल्यास सर्वांत मोठा अंक हेही एक विशेषणच ठरते.