बेळगावची बस, दोन मैत्रिणी आणि नकाशावरची एक रेघ

हा एपिसोड बसच्या खिडकीशी बसून ऐकत असाल तर उत्तमच, कारण आजचा इतिहास बसच्याच रस्त्यावरचा आहे. मागच्या महिन्यात मी कोल्हापूरहून बेळगावला गेले, दोन मैत्रिणींना भेटायला. एकीच्या घरी मराठी, दुसरीच्या घरी कन्नड. दोघी एकाच कॉलेजच्या, एकाच बेंचवरच्या. अंतर जेमतेम 110 किलोमीटर. पण या रस्त्यावरचा वाद सत्तर वर्षांचा आहे.

कागल मागे पडलं की कोगनोळीजवळ पाट्यांची लिपी बदलते. दोन्ही बाजूंचा ऊस मात्र तोच. मग ही रेघ आली कुठून?

आधी हे लक्षात घ्या की इथे पूर्वीही सीमा होत्या, पण त्या भाषेच्या नव्हत्या. बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात, कोल्हापूर संस्थानात. आज बेळगावात मिसळून गेलेलं शहापूर तर सांगली संस्थानात होतं. माझी मराठी मैत्रीण शहापूरची. म्हणजे तिचे पणजोबा भाजी आणायला बेळगावच्या बाजारात गेले, तरी राज्य ओलांडून जायचे! त्यात भाषेचा काही संबंध नव्हता.

1924 साली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते फक्त याच अधिवेशनात. त्यामागे धडपड होती गंगाधरराव देशपांडे यांची. हे टिळकांचे पक्के अनुयायी, आणि लोक त्यांना म्हणायचे कर्नाटकाचा सिंह. तेव्हा यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

मग स्वातंत्र्य मिळालं आणि भाषावार प्रांतांची मागणी जोरात आली. फाजल अली आयोगाने 1955 मध्ये अहवाल दिला. त्यात बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका सोडून बाकी जिल्हा कर्नाटकाकडे द्यावा, असं सुचवलं होतं. शहरात मराठी भाषक जास्त, आजूबाजूच्या बऱ्याच तालुक्यांत कन्नड भाषक जास्त. शहर कुणाचं हे शहर ठरवणार, की त्याच्या भोवतीचा मुलूख? सगळा वाद या एका प्रश्नावर उभा आहे.

जानेवारी 1956 मध्ये आंदोलन पेटलं, बेळगावातही गोळीबारात माणसं गेली. 17 जानेवारीला तिथे आजही हुतात्मा दिन पाळतात. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. पुढे सेनापती बापटांनी उपोषण केलं, 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला, 1967 मध्ये अहवाल आला. बेळगाव शहर कर्नाटकातच राहावं, काही गावांची मात्र अदलाबदल व्हावी, असं त्यात होतं. महाराष्ट्राने तो नाकारला. 2004 मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2014 मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं.

आता या तारखा घरात कशा राहतात ते सांगते. 1 नोव्हेंबरला कन्नड मैत्रिणीच्या गल्लीत लाल-पिवळे झेंडे, राज्योत्सवाची मिरवणूक. त्याच दिवशी शहापुरात काळा दिवस. मराठी मैत्रीण मला म्हणाली, ‘त्या दिवशी आम्ही एकमेकींना फोन करत नाही. भांडण नाही गं, पण बोलायचं काय?’ दुसरीला विचारलं, तर तिनेही अगदी हेच सांगितलं. वर्षाचे 364 दिवस बोलणाऱ्या मुली एका दिवशी गप्प बसतात. मला इतिहासाचं वजन तिथे कळलं.

वाद तापला की पहिला फटका बसतो बसला. डिसेंबर 2022 मध्ये झालं, फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा झालं. गाड्या अडवल्या, काळं फासलं, दोन्हीकडच्या फेऱ्या बंद. पुढारी गाडीने जातात. अडकतो तो दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेला माणूस.

आणि भाषा? त्या कधीच्या एकमेकींत मिसळल्यात. सांगलीजवळच्या कुपवाड गावात गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू तपासली. 1971 मध्ये त्यांनी दाखवलं की शब्द वेगळे असले, तरी वाक्याची ठेवण इतकी जुळली आहे की शब्दाला शब्द ठेवून एकातून दुसरीत जाता येतं. आपले अण्णा-अक्का, आपलं तूपसुद्धा कन्नडशी नातं सांगतं.

कन्नड मैत्रिणीच्या अज्जीने मला दारातच ‘बा, बा’ म्हणून आत घेतलं, ताटात कुंदा वाढला आणि मराठीत दटावलं, ‘लाजूलीस काय? खा की.’ भाजीवाल्याशी कन्नड, शेजारणीशी मराठी, हिशेब पुन्हा कन्नडमध्ये. तिला विचारलं, अज्जी, तुमची भाषा कुठली? ती म्हणाली, ‘कुणाशी बोलायचंय त्यावर आहे.’

आयोगांनी आकडे मोजले ते मातृभाषेच्या रकान्यातले. त्या रकान्यात एकच नाव बसतं. अज्जीची दुसरी भाषा त्या हिशेबात कुठेच आली नाही. मराठी माणसाला बेळगावात मराठीत कागद मिळावेत, शाळा टिकाव्यात, ही मागणी खरीच आहे, आणि कोर्टाचा निकाल काहीही लागला तरी ती खरीच राहील. पण शहराचा इतिहास सांगताना दोन भाषांत जगणारी माणसं वगळली, तर तो अर्धाच सांगितला जातो.

तुमच्या घरात दोन भाषा असतील, तर आज आजी-आजोबांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर ऐकत राहा!