शुश्रूषेचे संशोधन : नव्या वाचकांसाठी

आजार बरा होणार नाही हे कळल्यावर उपचार कमी होतात, गरजा मात्र वाढतात. दुखणे, धाप, उडालेली झोप आणि आपल्यामागे घराचे काय होईल ही काळजी. हे सारे वैद्यकाचेच काम आहे, असे ठामपणे मांडले ते सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये अशा रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली तशाच कामासाठी शांती अवेदना सदन उभे राहिले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. तरीही नव्या वाचकांनी या विषयात यावे ते घराच्या उंबऱ्यावरून, कारण आजारपणाचा बराच काळ घरातच जातो.

त्यासाठी केरळकडे पाहावे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम हाती घेतले. दवाखान्यापर्यंत येऊच न शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न लवकरच पुढे आला आणि मलप्पुरम व आसपासच्या भागात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. साधी माणसे प्रशिक्षण घेऊन घरोघर जाऊ लागली; डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या पाठीशी राहिल्या. पैसा बराचसा गावातल्या छोट्या देणग्यांतून आला. घरात शिरल्यावर दिसले, की औषध पोचले तरी चूल पेटलेली नसते, मुलांची शाळा सुटलेली असते. मग शिधा आणि वह्यापुस्तकेही शुश्रूषेचाच भाग झाली. २००८ साली केरळ सरकारने या शुश्रूषेसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, आणि गृहभेटींची जबाबदारी पंचायतींपर्यंत पोचली. शेजारधर्माला असे सरकारी बळ मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

मात्र चांगुलपणा दिसला म्हणजे परिणाम सिद्ध झाला, असे नाही. या क्षेत्रातले संशोधन अवघड आहे. पाहणी पूर्ण होण्याआधीच काहीजण दगावतात; उरलेले त्यातल्या त्यात धडधाकट असतात, म्हणून सरासरी फसवी निघते. रुग्ण सांगतो ती वेदना आणि नातेवाईक सांगतात ती, यांत फरक पडतो. बोस्टनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुम्हाला वारंवार भेटेल. निदानानंतर लगेच अशी शुश्रूषा मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, आयुष्यही काहीसे वाढले. तो जरूर वाचा. पण तो एका मोठ्या रुग्णालयातला आहे, पाड्यावरच्या झोपडीतला नव्हे, हे ध्यानात ठेवा.

कायद्याकडेही लक्ष असू द्या. औषधांसाठी अफू पिकवणाऱ्या आपल्या देशातच १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर रुग्णांना अफूपासूनच बनणारे वेदनाशामक मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले. २०१४च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले. स्वयंसेवक कितीही मायाळू असला, तरी गावाजवळ मॉर्फीनची गोळी नसेल तर तो हतबल असतो.

वाचताना प्रत्येक अभ्यासाला एक प्रश्न विचारत चला : उशाशी रात्रभर कोण बसले होते? बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी. तिची मोडलेली झोप, बुडालेली मजुरी, दुखणारी पाठ यांची नोंद झाली आहे का? घरी मरण यावे ही रुग्णाची इच्छा मोजणारे अभ्यास पुष्कळ आहेत. ती इच्छा पुरी करणाऱ्या बाईला काय हवे होते, हे विचारणारे अजून थोडे. तुमच्यापैकी कोणाला संशोधन करायचे असेल, तर काम इथे आहे.